सायडरची तीव्रता आणि किण्वाची सहनशीलता : एका मर्यादेच्या ज्ञानाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

सफरचंदाच्या रसापासून घरी केलेले मद्य, म्हणजे सायडर, जास्तीत जास्त किती तीव्र होऊ शकते? या प्रश्नास आज बहुधा एकाच आकड्याने उत्तर दिले जाते. विरजणासारख्या वापरावयाच्या यीस्टच्या पुडीवर १४, १६ अथवा १८ टक्के असा एक अंक छापलेला असतो. तेवढे अल्कोहोल झाले की यीस्टचे कार्य थांबते, असे गृहीत धरले जाते. हा अंक निराधार नाही. परंतु तो ज्या निश्चयाने सांगितला जातो तेवढा निश्चय वस्तुस्थितीत नाही, हे या विषयाचा इतिहास पाहिला असता ध्यानात येते.

यीस्ट या सूक्ष्मजीवास प्रस्तुत निबंधात ‘किण्व’ असे म्हटले आहे. आपल्या परंपरेतील हा शब्द जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद, तांदूळ व काही वनस्पती यांपासून किण्व सिद्ध करण्याची रीत दिली आहे. तेथे किण्व म्हणजे मद्य घडवून आणणारे विरजण होय. त्यात कोणकोणते सजीव असतात हे त्या काळी अर्थातच ज्ञात नव्हते. आज आपण त्याच शब्दाने एका सजीवाचा निर्देश करतो. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र पदार्थाकडून प्राण्याकडे सरकला. युरोपातही असेच घडले, आणि सायडरच्या तीव्रतेचा प्रश्न समजण्यास जो विलंब लागला त्याचे एक कारण या अर्थांतरात सापडते.

या निबंधाचे प्रतिपाद्य असे : सायडरची तीव्रता तीन निरनिराळ्या कारणांनी थांबते. रसातील साखर संपणे हे पहिले कारण, किण्वाचे पोषण संपणे हे दुसरे, आणि स्वतःच निर्माण केलेले अल्कोहोल किण्वास असह्य होणे हे तिसरे. घरगुती उत्पादकाला ही तिन्ही एकसारखीच दिसतात, कारण प्रत्येक वेळी फसफस बंद पडते एवढेच त्याला कळते. त्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्यास सुमारे तीन शतके लागली.

२. शब्दांची साक्ष

‘सायडर’ हा शब्द मुळात सफरचंदाचा नव्हे. हिब्रू भाषेतील ‘शेखार’ म्हणजे कोणतेही मादक पेय. बायबलच्या ग्रीक व लॅटिन भाषांतरांत तोच शब्द ‘सिकेरा’, ‘सिसेरा’ अशा रूपांनी आला. द्राक्षमद्याहून भिन्न, धान्य, फळे इत्यादींपासून केलेले मादक पेय असा त्याचा अर्थ सातव्या शतकाच्या आरंभी सेव्हिलचा इसिडोर याने नोंदविला आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, आणि चौदाव्या शतकातील विक्लिफच्या बायबलात तो अजून ‘मादक पेय’ या व्यापक अर्थानेच आढळतो. पुढे नॉर्मंडी व पश्चिम इंग्लंड येथे सफरचंदाच्या मद्याने तो शब्द स्वतःकडे घेतला. ज्या शब्दाच्या मुळाशी मादकता आहे, तोच शब्द अमेरिकेत कालांतराने न आंबलेल्या ताज्या रसाला लागू झाला, आणि आंबलेल्या रसासाठी ‘हार्ड’, म्हणजे कडक, हे विशेषण जोडावे लागले. शब्दाचा हा प्रवास लक्षणीय आहे. कारण याच संदिग्धतेवर पुढे एक खटला उभा राहिला.

किण्ववाचक शब्दांकडे पाहिल्यास दुसरी गोष्ट दिसते. इंग्रजी ‘यीस्ट’ हा शब्द संस्कृतातील ‘येषति’ (उकळते) या क्रियापदाशी सगोत्र मानला जातो. लॅटिन ‘फेर्मेंतुम’ हा उकळण्याच्या अर्थाच्या ‘फेर्वेरे’ या धातूशी निगडित आहे. फ्रेंच ‘लव्ह्यूर’ हा वर उचलण्याच्या अर्थाच्या क्रियापदापासून झाला आहे. डोळ्यांना जे दिसले, म्हणजे फेस, बुडबुडे आणि उसळी, त्यालाच नाव मिळाले. अल्कोहोल निर्माण होणे डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा निर्देश या शब्दांत नाही. आपल्या मराठीतील ‘आंबणे’ हे क्रियापद आणखी एका अडचणीचे द्योतक आहे. इडलीचे पीठ आंबते, ताक आंबते, ताडीही आंबते. आम्लता येणे आणि मद्य होणे या दोन भिन्न क्रिया एकाच शब्दात सामावल्या आहेत. उघड्यावर राहिलेल्या सायडरचा शिर्का होतो, तेव्हा त्यातील अल्कोहोल प्रत्यक्षात कमी होत असते. तरी आंबण्याची क्रिया ‘पुढे गेली’ असेच भाषा म्हणते.

३. पहिली मर्यादा : फळातील साखर

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सायडरविषयी जिज्ञासा वाढली. हेरफर्डशर परगण्यातील ‘रेडस्ट्रीक’ या जातीच्या सफरचंदाची कीर्ती लॉर्ड स्कुडामोर याच्या नावाशी निगडित आहे. जॉन बील याने १६५७ च्या सुमारास त्या परगण्यातील फळबागांवर पुस्तिका लिहिली. १६६४ मध्ये जॉन एव्हलिन याच्या वृक्षविषयक ग्रंथास जोडून ‘पोमोना’ हा सायडरवरील लेखसंग्रह प्रसिद्ध झाला, आणि १६७६ मध्ये जॉन वर्लिजचा फळमद्यांवरील ग्रंथ निघाला. फ्रान्समध्ये नॉर्मंडीचा वैद्य ज्युलियँ ल पोल्मिए याने १५८८ मध्येच द्राक्षमद्य व सायडर यांवर लॅटिन ग्रंथ लिहिला होता. या लेखकांचे निरीक्षण सूक्ष्म आहे. कोणत्या जातीचे फळ, किती दिवस रचून ठेवावे, पिंप केव्हा बदलावे, यांचा ते बारकाईने विचार करतात. परंतु मद्याची तीव्रता ते फळाचा अंगभूत गुण समजतात. फळ उत्तम तर सायडर तीव्र, असा त्यांचा हिशेब आहे.

हा हिशेब त्यांच्या परिस्थितीत बरोबर होता. सायडरच्या सफरचंदाच्या रसात सामान्यतः दर लिटरला १०० ते १५० ग्रॅम साखर असते. दर लिटरला सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली की एक टक्का अल्कोहोल होते. म्हणजे ११० ग्रॅम साखरेच्या रसापासून साडेसहा टक्क्यांचे सायडर होईल, आणि फार गोड रसापासून आठ-नऊ टक्क्यांचे. एवढे अल्कोहोल चांगल्या किण्वास मुळीच जड नाही. त्यामुळे केवळ रसावर अवलंबून राहणाऱ्या शेतकऱ्याला किण्वाच्या सहनशीलतेची सीमा कधी भेटलीच नाही. त्याची साखर आधी संपत असे.

हा संबंध मापण्याची पद्धत हळूहळू आली. हेरफर्डशरचा उद्यानशास्त्रज्ञ टॉमस अँड्र्यू नाइट याने १७९७ च्या आपल्या ग्रंथात आणि पुढे १८११ च्या ‘पोमोना हेरफर्डिएन्सिस’मध्ये रसाच्या विशिष्ट गुरुत्वावरून सफरचंदाच्या जातींची प्रतवारी केली. रस जितका जड, तितकी साखर अधिक, आणि तितके मद्य तीव्र. दरम्यान १७८९ मध्ये लाव्हाझिए याने साखरेचे अल्कोहोल व कार्बनी वायू यांत विभाजन होते असे तोलून दाखविले, आणि १८१५ मध्ये गे-ल्युसाक याने त्याचे प्रमाण बसविले. १८० भार द्राक्षशर्करेपासून ९२ भार अल्कोहोल व ८८ भार वायू, असा आजचा हिशेब आहे. पहिली मर्यादा अशा रीतीने गणिताच्या कक्षेत आली.

४. साखरेची भर आणि नवा प्रश्न

मर्यादा फळाची असेल, तर बाहेरून साखर घालून ती ओलांडता यावी. क्रिस्टोफर मेरेट याने १६६२ च्या डिसेंबरात रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात मद्यविक्रेते द्राक्षमद्यात साखर व काकवी घालतात असे नमूद केले आहे. सायडरच्या बाटलीत थोडी साखर टाकण्याचा प्रघातही ‘पोमोना’च्या काळात माहीत होता. परंतु तेव्हा साखर महाग होती. ती स्वस्त झाली ती कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमामुळे. आणि तेव्हापासून सामान्य घरातही रसात साखरेची भर घालणे शक्य झाले. विसाव्या शतकात हेच चक्र पुन्हा फिरले. दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटनमध्ये साखरेवर नियंत्रण आले. ते १९५३ मध्ये उठले आणि त्यानंतर घरगुती मद्यनिर्मितीचा छंद झपाट्याने पसरला. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेले सी. जे. जे. बेरी यांचे प्राथमिक पुस्तक या छंदाचे पाठ्यपुस्तकच ठरले.

साखर वाढविणाऱ्याच्या हिशेबात मात्र खोट येऊ लागली. ११० ग्रॅमच्या रसात १२८ ग्रॅम साखर घातली, म्हणजे एकूण २३८ ग्रॅम झाली, तर १४ टक्के अल्कोहोल व्हावयास हवे. प्रत्यक्षात पुष्कळदा क्रिया दहा-अकरा टक्क्यांवरच थांबते व पेय गोड राहते. गे-ल्युसाकच्या समीकरणात या थांबण्यास जागा नाही. समीकरणात साखर आहे, अल्कोहोल आहे, वायू आहे; किण्व नाही. उत्तर मिळण्यासाठी किण्वाला प्रथम सजीव म्हणून मान्यता मिळणे आवश्यक होते.

५. किण्व सजीव ठरते

लेव्हेनहूक याने १६८० मध्ये बियरमधील किण्वाचे गोलक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते, परंतु ते सजीव आहेत असा निष्कर्ष त्याने काढला नाही. १८३७ च्या सुमारास कान्यार द ला तूर, श्वान व क्युत्सिंग या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे तो काढला. श्वानने या सजीवास जर्मन भाषेत ‘साखरेची बुरशी’ म्हटले. १८३८ मध्ये मायेन याने त्याचेच ग्रीक-लॅटिन रूप करून ‘सॅकरोमायसिस’ हे नाव दिले.

रसायनशास्त्रज्ञांना हे मान्य नव्हते. १८३९ मध्ये लीबिग व व्होलर यांच्या नियतकालिकात एक निनावी विडंबन प्रसिद्ध झाले. त्यात किण्व म्हणजे ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचा एक प्राणी असून तो साखर खातो आणि अल्कोहोल व वायू उत्सर्जित करतो, असे थट्टेने वर्णिले होते. इतिहासाचा विपर्यास असा, की या थट्टेतच पुढील उत्तराचे बीज होते. अल्कोहोल हे जर सजीवाचे उत्सर्जन असेल, तर बंद पिंपात तो सजीव स्वतःच्या उत्सर्जनात बुडत जातो, आणि केव्हा तरी ते त्याला बाधणारच. समीकरणात नसलेली सीमा येथून उद्भवते.

पाश्चरने १८५७ ते १८६० या काळातील संशोधनाने सजीवपक्षाची बाजू बळकट केली. साखरेपासून केवळ अल्कोहोल व वायूच नव्हे, तर ग्लिसरीन व सक्सिनिक आम्लही निघते असे दाखवून त्याने जुन्या समीकरणाची अपूर्णता उघड केली. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हानसेन याने एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविले. तेव्हापासून ‘किण्व’ या एकवचनाचे ‘किण्वे’ झाले. एक जात दुसरीहून अधिक अल्कोहोल सोसते, हे विधान यानंतरच अर्थपूर्ण ठरले. १८९४ मध्ये जर्मनीतील गाइझेनहाइम येथे मद्योपयोगी शुद्ध किण्वे पुरविणारे केंद्र स्थापन झाले. इंग्लंडमध्ये नेव्हिल-ग्रेनव्हिल याने सॉमरसेटमधील आपल्या वाड्यात १८९३ मध्ये सुरू केलेल्या सायडरविषयक प्रयोगांतून १९०३ मध्ये राष्ट्रीय फळ व सायडर संस्था जन्मास आली. हीच पुढे लाँग ॲश्टन संशोधन केंद्र म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००३ मध्ये बंद पडली.

शुद्ध किण्वांच्या अभ्यासाने जुन्या पद्धतीतील एक रहस्यही उलगडले. ताज्या रसात आरंभी प्राबल्य असते ते लिंबाच्या आकाराच्या रानटी किण्वांचे. ती फेस भरपूर आणतात, परंतु अल्कोहोल चार-सहा टक्क्यांपर्यंत पोहोचताच बहुतेक निपचित पडतात. त्यानंतर चरकाच्या फडक्यांत व लाकडी पिंपांत वस्ती करून असलेले सॅकरोमायसिस काम हाती घेते. जुन्या पिंपातील सायडर चांगले मुरते, ही शेतकऱ्याची श्रद्धा म्हणजे वस्तुतः सहनशील किण्वाचे जतन होते.

६. दुसरी मर्यादा : भूक

क्रिया थांबली म्हणजे किण्व अल्कोहोलाने हरले, असा निष्कर्ष घाईचा आहे. सफरचंदाच्या रसात साखर विपुल असली तरी किण्वाच्या वाढीस लागणारा नत्रयुक्त अंश अल्प असतो. जुन्या बागांतील, खत न घातलेल्या झाडांच्या फळांत तो विशेषच कमी. पश्चिम इंग्लंडमध्ये पिंपात मांसाचा तुकडा, गहू किंवा मनुका टाकण्याची चाल होती. तिची चेष्टा पुष्कळ झाली आहे. परंतु उपाशी किण्वास नत्र पुरविण्याचा तो एक अडाणी, पण निरर्थक नव्हे असा उपाय होता.

याच्या उलट युक्ती नॉर्मंडीत विकसित झाली. तेथे रसातील पेक्टिनची साय धरू देऊन ती वर आली की खालचा निवळ रस काढून घेतात. त्या सायीबरोबर पोषक अंश व बरेचसे किण्वही निघून जाते. उरलेला रस अतिशय मंद आंबतो आणि तीन-चार टक्क्यांवर गोडवा राखून स्थिरावतो. येथे अल्कोहोल कमी असूनही क्रिया थांबते. हेच किण्व भरपूर पोषण असलेल्या रसात टाकले, तर कितीतरी पुढे जाईल. या एका उदाहरणावरून थांबण्याचा अंक आणि सहनशीलतेचा अंक हे एकच नव्हेत हे सिद्ध होते.

७. तिसरी मर्यादा : अल्कोहोलाची बाधा

अल्कोहोल किण्वास बाधते ते प्रामुख्याने पेशीच्या बाह्य आवरणावर. हे आवरण स्निग्ध द्रव्यांचे बनलेले असते. अल्कोहोल त्यात शिरून त्याची घट्टपणा राखण्याची शक्ती क्षीण करते. मग बाहेरील आम्लता आत झिरपू लागते, आत हवे ते पोषण खेचून घेणे कठीण होते, आणि झिरपणारी आम्लता बाहेर लोटण्यातच पेशीची शक्ती खर्च होते. आवरण बळकट ठेवणारी द्रव्ये म्हणजे एर्गोस्टेरॉल व असंतृप्त मेदाम्ले होत. ही द्रव्ये तयार करण्यास किण्वाला प्राणवायू लागतो. बंद पिंपात, प्राणवायूवाचून वाढणाऱ्या किण्वास ती बाहेरून मिळाल्याशिवाय वाढता येत नाही, हे आंद्रेआसेन व स्टीअर यांनी १९५३ व १९५४ मध्ये दाखविले. मद्य हवाबंद स्थितीत होते, परंतु मद्य सोसण्याची ताकद हवेत कमवावी लागते, असा या शोधाचा इत्यर्थ सांगता येईल. आरंभी रस ढवळून त्यात हवा मिसळण्याच्या प्रघातास येथे शास्त्राधार सापडतो.

परिस्थितीचा प्रभाव एवढ्यावर संपत नाही. उष्णता वाढली की तेवढेच अल्कोहोल अधिक घातक ठरते. सर्व साखर एकदम घातली तर अल्कोहोल होण्यापूर्वीच तिच्या दाबाने पेशीतील पाणी ओढले जाते. म्हणून अनुभवी माणसे ती हप्त्याहप्त्याने घालतात. जपानी साकेमध्ये तांदळाच्या पिष्टाची साखर होणे आणि त्या साखरेचे मद्य होणे ही दोन्ही कामे एकाच भांड्यात बरोबरच चालतात. त्यामुळे किण्वापुढे कोणत्याही क्षणी थोडीच साखर असते, आणि तीव्रता वीस टक्क्यांच्या आसपास जाते. २०१४ मध्ये मॅसाच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी द्रवातील पोटॅशियम वाढवून व आम्लता घटवून किण्वाची सहनशीलता लक्षणीय वाढविता येते असे दाखविले.

‘सहनशीलता’ या शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी मोजल्या जातात, हेही येथे सांगितले पाहिजे. किण्वाची वाढ थांबते ती तुलनेने कमी अल्कोहोलावर. वाढ थांबल्यावरही जुन्या पेशी साखर आंबवीत राहतात, आणि ती क्रिया थांबते त्याहून वरच्या पातळीवर. पेशी मरतात कधी, हा पुन्हा तिसरा प्रश्न. पुडीवरील अंक सामान्यतः यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा, आणि तोही अनुकूल परिस्थितीतील, निर्देश करतो.

याच ओघात ‘ॲपलजॅक’चा उल्लेख करावयास हवा. अमेरिकन वसाहतींत सायडरचे पिंप हिवाळ्यात बाहेर ठेवून गोठलेले पाणी बर्फरूपाने काढून टाकीत. उरलेले द्रव अर्थातच तीव्र होई. येथे किण्वाने काहीच अधिक केलेले नाही. अल्कोहोलाबरोबर इतर अनिष्ट द्रव्येही या रीतीने सांद्र होतात. ज्या तीव्रतेत किण्व जगूच शकत नाही ती त्याच्या पश्चात, केवळ थंडीने, आणली जाते.

८. कायदा आणि अंक

तीव्रतेचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिला नाही. १७६३ मध्ये ब्रिटिश सरकारने सायडरवर दर हॉग्झहेडमागे ४ शिलिंग कर बसविला व अबकारी अधिकाऱ्यांना खासगी घरांत शिरून तपासणी करण्याचा अधिकार दिला. घराच्या उंबऱ्याचा हा भंग मानला जाऊन मोठा प्रक्षोभ झाला, आणि घरगुती उत्पादकावरील तो भार १७६६ मध्ये काढून घ्यावा लागला. या कायद्याने पिंपे मोजली. पिंपातील तीव्रता मोजली नाही.

अमेरिकेच्या १९१९ च्या व्होल्स्टेड कायद्याने तीव्रता मोजली. अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असलेले पेय मादक, अशी व्याख्या करण्यात आली. तथापि घरी वापरण्यासाठी केलेल्या ‘अमादक’ सायडरला व फळांच्या रसाला वेगळी सवलत देण्यात आली. आता सफरचंदाचा रस तसाच ठेवला तर त्यावरील किण्वामुळे थोड्याच दिवसांत तो अर्धा टक्का ओलांडतो. गृहिणीने काहीही न करता तिचा रस कायद्याबाहेर जाणार! मेरिलँडचे प्रतिनिधी जॉन फिलिप हिल यांनी बाल्टिमोर येथील आपल्या घरी उघडपणे द्राक्षमद्य व सायडर करून स्वतःवर खटला ओढवून घेतला. घरगुती रसाला अर्ध्या टक्क्याची व्याख्या लागू नसून तो प्रत्यक्षात मादक आहे किंवा नाही हे ज्यूरीने ठरवावयाचे, असे न्यायाधीशांनी सांगितले, आणि १९२४ मध्ये हिल निर्दोष सुटले. निसर्गात जेथे रेषा नव्हती तेथे कायद्याने रेषा ओढली होती. न्यायालयास पुन्हा ‘मादक’ या साध्या शब्दाच्या व्यवहारातील अर्थाकडे वळावे लागले.

आजच्या ब्रिटिश करकायद्यात १.२ टक्क्यांहून अधिक व ८.५ टक्क्यांहून कमी तीव्रतेचे पेयच सायडर या वर्गात बसते. ही वरची रेषा किण्वाच्या सहनशीलतेच्या पुष्कळ खाली आहे, आणि फळाच्या नैसर्गिक साखरेच्या सीमेजवळ आहे. म्हणजे करापुरते का होईना, सायडर म्हणजे सफरचंद देऊ शकेल तेवढेच मद्य, हा सतराव्या शतकातील जुना हिशेब त्या शब्दाच्या व्याख्येत अजून जिवंत राहिला आहे.

९. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येतो. सतराव्या शतकातील लेखकांनी तीव्रतेचे श्रेय फळाला दिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या रसायनशास्त्राने साखरेला. आणि हानसेननंतरच्या काळाने ते किण्वाच्या जातीला दिले. प्रत्येकाच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता, कारण प्रत्येकाच्या पिंपात निराळी मर्यादा आधी येत होती. केवळ रसाच्या पिंपात साखर आधी संपते. नॉर्मंडीच्या पिंपात पोषण आधी संपते. साखर घातलेल्या व नीट पोसलेल्या पिंपातच काय ते अल्कोहोल आधी असह्य होते. पुडीवरील अंक या तिसऱ्या पिंपाविषयी बोलतो.

सहनशीलता हा किण्वाचा केवळ जन्मजात गुण नव्हे. ऊब, हवा, पोषण, आम्लता आणि साखर देण्याची रीत यांच्या संबंधातून ती त्या त्या वेळी घडते. ‘हे किण्व १८ टक्क्यांचे आहे’ या वाक्यात अंक विशेषणासारखा वापरला जातो, आणि विशेषण नित्य गुण दर्शविते असे आपण मानतो. खरे पाहता तेथे ‘जर-तर’चे वाक्य हवे. इतक्या उबेत, इतक्या पोषणावर, अशा रीतीने साखर मिळाली, तरच तो अंक खरा. शास्त्राला ही अट सापडून बरीच वर्षे झाली. बोलीत आणि पुडीवर ती अद्याप उतरलेली नाही.